दोराने झाडावर चढताय? आधी जमिनीवरच्या या चुका टाळा

कोकणात झाडावर चढायला कुणाला शिकवावं लागत नाही, असा आपला समज. मे महिन्यात आजोळी आलेलं पोर दुसऱ्या दिवशी रायवळ आंब्यावर असतंच. त्यामुळे हार्नेस (कंबर-मांड्यांना बांधायचा पट्टा), हेल्मेट आणि दोर घेऊन कुणी झाडाखाली उभा राहिला की वाडीतल्या आज्या पदर तोंडाला लावून हसतात. हसू देत. दोरावरून चढणं हा वेगळाच खेळ आहे. खोडाला मिठी मारायची नाही, फांदीवरून सोडलेल्या दोरावर लोंबकळत, झाडाला शक्य तितका कमी धक्का लावत वर जायचं. मुळात ही झाडं छाटणाऱ्यांची विद्या. अमेरिकेत अटलांटा इथे पीटर जेन्किन्स यांनी 1983 मध्ये हौशी लोकांसाठी संस्था काढली आणि या विद्येचा खेळ झाला.

नवखा माणूस वर गेल्यावर गडबडतो, पण बहुतेक वेळा चूक त्याआधीच, पाय जमिनीवर असताना होऊन गेलेली असते. म्हणून इथे जमिनीवरच्या चुकांना जास्त जागा दिली आहे. एक गोष्ट गृहीत धरतो: गाठी आणि हार्नेस तुम्ही जाणत्या माणसासमोर बसून शिकणार आहात. लेख वाचून कुणी फांदीवर जाऊ नये.

चुकीचं झाड

माड आणि पोफळ पहिल्या फटक्यात बाद. दोर टाकायला त्यांना फांदीच नाही, आणि वरून झावळ किंवा नारळ कधी सुटेल याचा नेम नाही. शेवगा आणि जांभूळ फसवे. जांभळाची फांदी चांगली जाडजूड दिसते आणि काटकन मोडते. शेवग्यावर तर मांजरानेही विचार करून चढावं. पांगाऱ्याचं लाकूड मऊ, वर काटे. काटेसावरीचं नावच पुरे.

मग उरतं काय? जुना रायवळ आंबा, चिंच, मोठा फणस. हापूसची कलमं बुटकी आणि पसरट असतात, त्यांवर दोराची मजा नाही. शिवाय ती कुणाच्या तरी वर्षभराच्या पोटापाण्याची असतात. चिंचेचं लाकूड चिवट, पण तिच्यावर भुतं असतात असं घरचे सांगतील. ती समजूत तुमची तुम्ही काढा. वड मजबूत खरा, पण पारंबीला दोर बांधून त्यावर भार टाकू नका. आणि गावच्या पारावरचा वड हा खेळण्याचा वड नव्हे.

झाड ठरलं की बुंध्याभोवती सावकाश एक फेरी मारा. हीच फेरी लोक टाळतात. आंब्याच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला, सालीतून डिंक आणि चोथा बाहेर येत असला, तर आत खोडकिडा आहे. बाहेरून हिरवंगार दिसणारं झाड आतून पोखरलेलं असू शकतं. खोडावर कवकाची छत्री उगवली असेल, मोठी ढोली असेल, मुळांजवळची माती उचलली गेली असेल, तर दुसरं झाड बघा. मग मान वर करा, दुर्बीण असेल तर उत्तम. आंब्यावर बांडगूळ हमखास सापडतं. ज्या फांदीवर ते बसलंय तिचा पुढचा भाग उपासमारीने वाळत जातो. बांडगुळाची फांदी दोरासाठी घेऊ नका, आणि वाळक्या फांदीखाली उभेही राहू नका.

रायगड आणि दापोली-मंडणगड भागात आणखी एक गोष्ट बघायला हवी. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं. पडायची ती झाडं पडली, पण उभी राहिलेल्यांपैकी काहींच्या फांद्यांना आत तडे गेले. झाड ती जखम सालीने झाकतं. फांदीवर लांबीच्या दिशेने उभा उंचवटा, एखादी शीर फुगल्यासारखा दिसला, तर आत तडा असण्याची शक्यता धरा आणि ती फांदी सोडा.

फांदी घ्यायची ती जिवंत, टोकापर्यंत पानं असलेली, आणि जिथे दोर बसेल तिथे निदान 15 सेंटीमीटर जाडीची. दोर खोडाजवळच्या बेचक्यात बसवा, मध्यावर नको. दोर वर गेल्यावर दोघांनी मिळून, हेल्मेट घालून, दोन्ही टोकांना लोंबकळून बघा. फांदीने कुरकुर केली तर वाद घालू नका.

बंदरावरचा दोर

हर्णैला किंवा मिरकरवाड्याला गेलात की निळे-हिरवे, स्वस्त, चकचकीत दोर ढिगाने दिसतात. होडीसाठी ते ठीक. त्यातले बरेच पॉलिप्रॉपिलीनचे असतात, म्हणून तर ते पाण्यावर तरंगतात. हे प्लास्टिक साधारण 165 अंश सेल्सिअसला वितळतं, आणि उन्हात पडून राहिलं की कमकुवत होतं. दोर दोरावर घासतो तिथे भराभर उष्णता वाढते आणि तुमचा सगळा भार त्या एका घासणाऱ्या गाठीवर असतो. काथ्याचा दोर तर विचारातही घेऊ नका.

कडे चढणाऱ्यांची चूक वेगळी. ते कड्यावरचा लवचिक दोर घेऊन येतात, जो पडणाऱ्याला झेलण्यासाठी ताणला जातो. झाडावर त्यावर चढायला गेलात की हात खेचतायत, दोर ताणला जातोय आणि तुम्ही जागच्या जागी हेलकावे खाताय. झाडासाठी कमी ताणणारा, 11 ते 13 मिलिमीटर जाडीचा दोर हवा. दुसऱ्याकडून जुना दोर घेणार असाल तर त्याचा इतिहास विचारा. गाडीच्या डिकीत बॅटरीशेजारी पडलेला दोर बाहेरून सुरेख दिसतो, पण ॲसिड लागलेलं डोळ्यांना कळत नाही.

लांबीत तर नेहमीच गफलत होते. फांदी 10 मीटरवर असेल तर दोर वर जाऊन परत खाली यायला हवा, म्हणजे 20 मीटर, वर गाठींसाठी आणि जमिनीवर राहण्यासाठी आणखी. 25 मीटरच्या खाली जाऊ नका, आणि मोकळ्या टोकाला जाड गाठ मारून ठेवा. दोर संपला आणि टोक गाठीतून निसटलं, अशी वेळच येता कामा नये.

वजन अडकलं की

जाड दोर वर नेण्याआधी बारीक दोरीला 300-400 ग्रॅमची पिशवी बांधून ती फांदीवरून टाकतात. आपल्याकडे पहिला हात जातो तो तंगुसाकडे (मासे पकडायच्या नायलॉनच्या दोरीकडे) आणि गरीच्या शिशाकडे. दोन्ही नको. तंगूस तळहात कापतो आणि ताणून सोडला की उसळी मारतो. शिसं बेचक्यात घट्ट बसतं आणि सुटलं की थेट तोंडावर येतं. गुळगुळीत विणीची दोरी आणि कापडी पिशवीच वापरा.

पिशवी अडकली तर दोरी हाताला गुंडाळून हिसका देऊ नका. दोरी आधी पूर्ण सैल सोडा, बाजूला सरका, लाटेसारखा हलका झटका द्या. चार-पाच वेगवेगळ्या कोनांतून तसं केलं की बहुधा सुटते. नाहीच सुटली तर ती पिशवी झाडाला दान. दोरी एकाच वेळी तीन-चार बारक्या डहाळ्यांवरून गेली असेल तर तो जुगाड मान्य करू नका. पुन्हा टाका. यात अख्खी सकाळ जाते, आणि ते बरोबरच आहे.

गाठ धरत नाही, किंवा सोडत नाही

नवख्यांना दुहेरी फिरता दोर सोपा: दोर फांदीवरून जातो, एक टोक हार्नेसला, आणि त्याच टोकाच्या शेपटीने दुसऱ्या बाजूवर सरकती गाठ. दोन मीटर दोर ओढला की एक मीटर वर जाता, पण जोर त्या मानाने कमी लागतो. बुंध्याला बांधलेल्या एकेरी दोराने सुरुवात करू नका. त्यात वरच्या फांदीवर तुमच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट भार येतो, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

सरकत्या गाठींत ब्लेक हिच सर्वांत प्रचलित. चार वेढे, आणि टोक दोराच्या मागून खालच्या दोन वेढ्यांखालून बाहेर. टोक चुकीच्या वेढ्याखालून गेलं तर गाठ तशीच दिसते आणि धरत नाही. म्हणून प्रत्येक वेळी जमिनीपासून हातभर उंचीवर पूर्ण वजन टाकून बघा, आणि शेपटीला आठाची गाठ मारा. तरी सरकतेय? नवा दोर गुळगुळीत असतो, वेढे नीट लावून घट्ट ओढून घ्या. उलट गाठ आवळूनच बसतेय? पावसाळी हवेत ओला दोर असं करतो. फणसाचा चीक लागला असेल तरीही. हाताचा चीक खोबरेल तेलाने जातो, पण तेलकट हात पुसल्याशिवाय दोराला लावू नका.

उतरताना घाई केली की गाठीचा आतला भाग चकाकतो आणि कडक होतो. ते वितळलेलं नायलॉन किंवा पॉलिस्टर आहे. तो तुकडा कापून टाका.

वर असताना

पाय मुंग्या आल्यासारखे झाले तर निवांत लोंबकळत राहू नका. दोराचा फास करून त्यात उभे राहा, मांड्यांवरचा दाब काढा. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेला बेशुद्ध माणूस मिनिटांत गंभीर होऊ शकतो. म्हणून खाली असा कुणीतरी हवा ज्याला तुम्हाला उतरवता येतं. 108 ला फोन लावायचा तर वाडीत रेंज कुठे मिळते, तेही आधी बघून ठेवा. विजेच्या तारेपासून निदान तीन मीटर लांब.

पानं शिवून केलेली घरटी दिसली तर ओंबील, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्या, आहे. एकदा ती दोरावर उतरली की हात झटकण्याच्या नादात पकड सुटते. चढण्याआधीच दोर हलवून बघा, लाल रांग निघाली तर झाड बदला. आग्या मोहोळ असेल तर त्या झाडाखाली धूर, आरडाओरडा आणि फोटो काहीच नको. हिरव्या पानांत हिरवा चापडा (विषारी साप) दिसत नाही, म्हणून पुढच्या फांदीवर हात टाकण्याआधी डोळे टाका. किनाऱ्यालगतच्या उंच झाडावर समुद्र गरुडाचं, किंवा ढोलीत धनेशाचं घरटं असेल तर त्या हंगामात ते झाड त्यांचं.

देवराईत चढू नका. बागेत मालकाला विचारा, आणि मोहोराच्या दिवसांत फवारणी कधी झाली तेही विचारा, कारण औषध सालीवर बसलेलं असतं. जूनपासून शेवाळ धरलेल्या सालीवर पाय टिकत नाही आणि विजा असतात, म्हणून पावसाळाभर सामान घरात. ते ठेवताना कॅराबिनर (दोर अडकवायची, उघडमीट होणाऱ्या दाराची धातूची कडी) गोड्या पाण्याने धुवा, सावलीत सुकवा, कोरडं वंगण लावा. खाऱ्या हवेत त्याचं दार नीट मिटेनासं होतं, आणि दार अर्धवट मिटलेला कॅराबिनर वापरायचा नसतो.