स्पोर्ट्‌स कारचे टायर कधी बदलायचे? आधी आतली कड बघा

मे महिन्याच्या शेवटी मी गाडी अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्यायला, नेली होती. दोन दारांची, मागच्या चाकांवर चालणारी, सेकंडहँड घेतलेली. निघण्याआधी घरी वाकून टायर बघितले होते. नक्षी चांगली दिसत होती, एवढा पावसाळा निघून जाईल असं मी धरून चाललो होतो. गाडी लिफ्टवर चढली आणि तिथल्या पोराने काही न बोलता माझा हात धरून मागच्या टायरच्या आतल्या कडेवर टेकवला. बोटाला तार टोचली. बाहेरच्या बाजूला चार मिलिमीटर रबर आणि आत उघडी पडलेली स्टीलची तार! दोनच दिवस आधी याच टायरवर मी बायकोला घेऊन खंडाळ्याचा घाट उतरलो होतो.

म्हणून टायर तपासायची सुरुवात मी आता आतल्या कडेपासून करतो, आणि तुम्हीही तशीच करा.

स्पोर्ट्‌स कारमध्ये हे मुद्दाम का सांगावं लागतं? वळणावर टायरची पूर्ण रुंदी रस्त्याला टेकावी म्हणून या गाड्यांची चाकं वरच्या बाजूने किंचित आत झुकवलेली असतात. याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. सरळ रस्त्यावर मात्र त्यामुळे जास्त भार आतल्या कडेवर येतो. त्यात टो, म्हणजे वरून बघताना चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत तो कोन, बिघडलेला असेल, तर तीच कड कानस मारल्यासारखी झिजते. उभ्या गाडीत ती दिसत नाही.

कड कशी बघायची

पुढच्या चाकांचं सोपं आहे. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, टायरची आतली बाजू समोर येते. मागच्या चाकांसाठी मोबाइलचा टॉर्च लावून फोन चाकामागे धरा आणि व्हिडिओ काढा. गाडी खाली इतकी बसलेली असते की डोकं घालायला जागा नसते. हात फिरवायचा असेल तर हलक्या हाताने, कारण तार निघालेली असेल तर बोट कापतं. तार किंवा दोरा दिसला, तर पुढचं मोजमाप करत बसू नका. ती गाडी रस्त्यावर काढू नका, ओढून न्या.

मोजायचं कसं

नाणी घालून अंदाज बांधण्यापेक्षा टायरची खोली मोजणारा गेज घ्या, काही शे रुपयांत मिळतो. प्रत्येक टायरवर आतली, मधली आणि बाहेरची अशा तिन्ही खाचांत मोजा, आणि गाडी थोडी ढकलून दुसऱ्या ठिकाणी पुन्हा मोजा. आकडे वहीत लिहा. निर्णय सर्वांत कमी आकड्यावर घ्यायचा, सरासरीवर नाही.

नव्या टायरची खाच साधारण सात-आठ मिलिमीटर खोल असते. ट्रॅकसाठी बनवलेले काही सेमी-स्लिक, म्हणजे कमी नक्षीचे, टायर नवेच याहून उथळ असतात. खाचांच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे दिसतील, ते १.६ मिलिमीटरवर असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर कायद्याने संपला. आपल्या मोटार वाहन नियमांत मोटारींसाठी हीच मर्यादा आहे.

पण आपल्या पावसात १.६ पर्यंत थांबू नये, असं माझं ठाम मत आहे. खाचांचं काम पाणी बाहेर फेकण्याचं. ताशी १०० किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. तेवढ्या वेळात खाचांना समोरचं पाणी गिळता आलं नाही, तर टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग हातात हलकं होतं. टायर जितका रुंद, तितकं जास्त पाणी त्याला बाजूला सारावं लागतं. शिवाय या गाड्या वजनाने हलक्या असतील, तर त्या आणखी लवकर तरंगतात. म्हणून चार मिलिमीटरला नव्या टायरची चौकशी सुरू करायची आणि तीनला बदलायचा. मे महिन्यात तीन-साडेतीन भरत असतील, तर मृग लागायच्या आत नवे घाला. ताम्हिणीत पावसाने गाठल्यावर तो विचार करून उपयोग नाही.

किती दिवस उरलेत याचा हिशोबही होतो. समजा ७.५ मिलिमीटरने सुरुवात केली आणि १२,००० किलोमीटरला ४.५ उरले. म्हणजे मिलिमीटरमागे ४,००० किलोमीटर. तीनवर यायला अजून ६,००० किलोमीटर आहेत.

झीज कुठे आहे यावरून कारणही कळतं. मधोमध झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. एकच कड गेली तर अलाइनमेंट. ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखा झिजला तर शॉकअप तपासा. कारण काढल्याशिवाय नवे टायर घातलेत, तर तेही तसेच जातील.

नक्षी भरपूर, पण वय झालेलं

या गाड्या रविवारी बाहेर निघतात, बाकी दिवस कव्हरखाली असतात. त्यामुळे बऱ्याचदा रबर झिजण्याआधी म्हातारं होतं. टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. ते कधीकधी आतल्या बाजूला असतात, तेही बघून घ्या. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करावी आणि दहा वर्षांनंतर टायर कसाही दिसत असला तरी काढून टाकावा, असं मिशेलिन ही टायर कंपनी सांगते. जोरात चालणाऱ्या गाडीवर मी सहा वर्षांपुढे जाणार नाही.

अभिनेता पॉल वॉकर ३० नोव्हेंबर २०१३ला कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लॅरिटामध्ये ज्या पोर्शे कॅरेरा जीटीत गेला, तिचे टायर नऊ वर्षांचे होते. ताशी ४५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडी ८० ते ९३ मैलांनी धावत होती. अपघाताचं मूळ कारण तो वेग, पण जुन्या टायरांची पकड कमी झाली असावी, हेही तपासात नोंदवलं गेलं. सेकंडहँड गाडी घेताना मी आता हे चार आकडे इंजिनाच्याही आधी बघतो.

फुगा, चिरा आणि हाताला कळणाऱ्या गोष्टी

लो-प्रोफाइल टायरची बाजू जेमतेम चार बोटं उंच. खड्ड्यात आपटली की आतले दोरे तुटतात आणि बाहेर फुगा येतो. फुगा आलेल्या टायरला दुरुस्ती नाही, तो फुटणारच. बाजूला झालेलं पंक्चरही काढून घेऊ नका.

चालवताना ओल्या रस्त्यावर पूर्वी न होणारी घसर, ट्रॅक्शन कंट्रोलचा (चाक घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा वारंवार लुकलुकणं, वाढलेली घरघर, आठवड्याला कमी होणारी हवा, यांतलं काहीही जाणवलं तर वही आणि गेज बाहेर काढा.

समृद्धी महामार्गावर जाणार असाल तर हे सगळं निघायच्या आदल्या आठवड्यात करा. काँक्रीटचा तापलेला रस्ता, ताशी १२०ची मर्यादा आणि तासन्‌तास एकाच वेगाने चालणं, यात कमकुवत टायर उघडा पडतो. गोटा झालेले टायर असलेल्या गाड्यांना तिथे अडवून परतही पाठवलं गेलं आहे.

बदलताना

किमान एका एक्सलचे, म्हणजे पुढचे किंवा मागचे, दोन्ही टायर एकदम बदला. पुढचे नवे आणि मागचे झिजलेले, ही जोडी मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पावसात सर्वांत वाईट, कारण मागचा भाग आधी सुटतो. बऱ्याच स्पोर्ट्‌स कारमध्ये मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात, त्यामुळे पुढचे-मागचे अदलाबदल करताच येत नाहीत. निसान जीटी-आरसारखी चारही चाकांवर चालणारी गाडी असेल, तर चारही टायरांच्या घेरात फार फरक चालत नाही, कितपत चालतो ते गाडीच्या पुस्तिकेत बघा. साइज, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) आणि वेगाचं अक्षर पुस्तिकेप्रमाणेच हवं. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंत, वाय म्हणजे ३००पर्यंत. दुकानदार खालचं अक्षर स्वस्तात देतो म्हणाला, तर नको म्हणा.

युरोप-अमेरिकेत असाल तर अजून एक गोष्ट. या गाड्यांच्या समर टायरचं रबर सात अंशांखाली कडक पडतं, तेव्हा नक्षी कितीही असली तरी थंडीत विंटर टायर घाला.

नवे टायर बसल्यावर अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या. पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून चालवा, नव्या रबराचा वरचा गुळगुळीत थर निघायला तेवढं लागतं. आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासून घ्या.