नोकरी गेल्यावर बिलं आणि हप्ते: आधी कुणाचे भरायचे, कुणाला थांबवायचं

मागच्या वर्षी श्रावणात आमच्या ह्यांची नोकरी गेली. कुपवाड एमआयडीसीत एका कास्टिंगच्या कंपनीत नऊ वर्षं मशिनशॉपला होते, ऑर्डरी कमी झाल्या म्हणून एकदम बरीच माणसं कमी केली त्यात ह्यांचंही नाव आलं. सात महिने घरी होते. आता मिरजेला लागलेत, पगार थोडा कमी आहे पण सुरू आहे. सध्या आमच्या गल्लीत अजून दोन घरांवर हीच पाळी आलीय आणि त्या बायका येऊन विचारतात ताई तुम्ही कसं निभावलं, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते, ज्याला लागेल त्याने वाचावं.

पहिलं सांगते ते नीट लक्षात घ्या, बाकी सगळं त्याच्यावरच आहे. पैसे कमी असले की जो जास्त तगादा लावतो त्याला आपण आधी देऊन मोकळं होतो. आम्हीपण पहिल्या महिन्यात तेच केलं. मोबाईलच्या हप्त्यावाले दिवसाला आठ-दहा फोन करायचे म्हणून त्यांना दिले आणि पतसंस्थेचा एकही फोन नव्हता म्हणून तिकडे म्हटलं थांबू. पाहिजे होतं उलटं. फोन कोण करतंय हे बघायचं नाही, नाही दिले तर आपल्या घरातलं काय जाणार आहे ते बघायचं.

त्यासाठी एक वही करा. आम्ही पोराच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं घेतली, रात्री पोरं झोपल्यावर दोघं खाली बसलो, पासबुकं, लाईटबिल, हप्त्यांचे मेसेज सगळं पुढ्यात घेतलं. ह्यांचा हातात येणारा पगार साडेसतरा हजार होता आणि माझे शिलाईचे, फॉल-पिकोचे धरून चार-साडेचार. घरकर्जाचा हप्ता ६२००, गाडीचा २६५०, पतसंस्था २५००, बचत गट ९००, मोबाईल ११५०. बेरीज केली तर १३,४०० नुसते हप्तेच, आणि आता घरात येणार होते माझे चार हजार. ती बेरीज बघून हे उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. पण आकडा कळला ते बरं झालं, तोपर्यंत नुसती छातीत धडधड होती आणि नक्की किती कमी पडतंय ते दोघांनाही माहीत नव्हतं. सासूबाईंनाही दुसऱ्या दिवशी सांगून टाकलं. घरच्यांपासून लपवू नका, लपवलं की खर्च तसाच चालू राहतो आणि कुणाला थांबवताही येत नाही. सासूबाईंनी स्वतःच बीपीच्या गोळ्या जनऔषधी केंद्रातून आणायला लावल्या, त्यातच बराच फरक पडला.

आता येणारे पैसे आधी बघू, कारण इथं लोक हक्काचे पैसे सोडून देतात. कंपनी राजीनामा लिहून मागत असेल तर लगेच सही करू नका. कंपनीने काढलं तर एक महिन्याची नोटीस किंवा त्याचा पगार आणि कामाच्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा पगार एवढी नुकसानभरपाई कायद्यात आहे, राजीनामा दिला की ते गेलं. ह्यांच्याबरोबरच्या काहींनी घाईत सह्या केल्या आणि नंतर हळहळले. शंका असेल तर कामगार आयुक्तांच्या ऑफिसात जाऊन विचारा, त्याला पैसे पडत नाहीत. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी मिळते, हिशोब सोपा आहे, शेवटचा बेसिक अधिक डीए म्हणजे महागाई भत्ता, गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. ह्यांचा बेसिक-डीए १३,००० होता म्हणजे वर्षाला साडेसात हजार, नऊ वर्षांचे ६७,५०० झाले. तीस दिवसांत द्यायची असते, नाही दिली तर व्याजासकट मागता येते, आणि अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

पगार महिना २१,००० च्या आत असून ईएसआयसी म्हणजे कामगार विम्याचे पैसे कापत असतील तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना म्हणून आहे, ती कंपनीत कुणी सांगत नाही. नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ९० दिवसांपर्यंत सरासरी रोजच्या पगाराच्या निम्मे पैसे मिळतात, आयुष्यात एकदाच. ह्यांचा कापून जायच्या आधीचा पगार साडेएकोणीस हजार होता, त्या हिशोबाने तीन महिन्यांचे साधारण २९ हजार होतात. योजनेची मुदत सरकार टप्प्याटप्प्याने वाढवतं, म्हणून ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात आधी जाऊन विचारा, आधार आणि पासबुकची झेरॉक्स बरोबर ठेवा. कार्ड पण फेकू नका, नोकरी गेली त्याच दिवशी दवाखाना बंद होत नाही, कधीपर्यंत चालेल तेपण तिथंच विचारून घ्या.

पीएफचं माझं मत ऐका, सगळा एकदम काढू नका. २०२४-२५ ला त्याच्यावर ८.२५ टक्के व्याज होतं, एवढं सुरक्षित व्याज बाहेर सहज मिळत नाही, आणि हातात दीड लाख आले की सगळ्यांना ते दिसतात, घरातल्यांना पण आणि मागणाऱ्यांना पण. लागेल तेवढाच काढा. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख टाकली नसेल तर क्लेम अडतो, पण शेवटचा भरणा होऊन दोन महिने झाले की ती तारीख आपणच पोर्टलवर टाकू शकतो. आमचं तिथंच तीन आठवडे अडलं होतं.

आणि आलेले पैसे पगाराच्या खात्यात पडू देऊ नका. ही चूक आम्ही केली. सगळे हप्ते त्याच खात्यातून आपोआप कापायचे, सकाळी पैसे जमा झाल्याचा मेसेज आला आणि दुपारपर्यंत गाडीचे आणि मोबाईलचे कापून गेले, लाईटबिलाला ठेवलेले त्यातच गेले. त्याआधीच्या महिन्यात खात्यात पैसे नव्हते तेव्हा हप्ता परत गेला म्हणून बँकेने ५९० कापले, म्हणजे ५०० आणि वर जीएसटी, आणि हप्त्यावाल्यांनी त्यांचा दंड वेगळा लावला. पैसे आले की त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात काढा, शक्यतो दुसऱ्या बँकेत, आणि हप्ता भरायचा नसेल तर तारखेच्या आधी ऑफिसात सांगून ठेवा.

आता देण्याघेण्याचा क्रम. आमच्या वहीत सगळ्यात वर किराणा, दूध, गॅस, औषधं आणि लाईट. लाईटबिल थकलं तर कनेक्शन तोडायच्या आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, वीज कायदा २००३ मधे कलम ५६ आहे, वायरमन दारात आला म्हणून घाबरून कुणाकडून उसने आणायला पळू नका. महावितरणच्या ऑफिसात जाऊन हप्ते मागा. शंभर युनिटच्या पुढचं प्रत्येक युनिट बरंच महाग पडतं, आम्ही पाणी तापवायचा रॉड बंद करून चुलीवर तापवायला लागलो आणि वापर शंभर युनिटच्या आत आला. घरपट्टी थकली तर महिन्याला दोन टक्के दंड लागतो, तरी ती थोडी थांबू शकते. शाळेत मुख्याध्यापकांना भेटून फी तीन टप्प्यांत करून घेतली. आठवीपर्यंत पोराला शाळेतून काढून टाकता येत नाही हे लक्षात असू द्या, पण भांडायला जाऊ नका, बहुतेक ऐकतात. प्राधान्य कुटुंबाचं रेशनकार्ड असेल तर माणशी पाच किलो धान्य फुकट आहे, ते न लाजता आणा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा पाच लाखांपर्यंतचा उपचार पण आहे. आणि वर्षाला ४३६ आणि २० रुपयांचे दोन सरकारी विमे खात्यातून मेअखेरीस कापले जातात, तेवढे पैसे त्या खात्यात ठेवाच, घरात एकच कमावता असताना विमा तुटायला नको.

त्याच्या खाली पतसंस्था. का ते सांगते. पतसंस्थेच्या कर्जाला माझा भाऊ जामीन होता. आपण थकलो की संस्था सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला घेते आणि मग जामीनदाराच्या पगारावर, मालमत्तेवर पण येते. मोबाईलवाला नुसता फोन करतो पण पतसंस्थेची नोटीस आली की ती भावाच्या घरी जाते, वहिनीच्या हातात पडते. म्हणून हप्त्याच्या तारखेच्या चार दिवस आधी मी, हे आणि दादा असे तिघं जाऊन मॅनेजरला भेटलो. बरोबर लेखी अर्ज नेला, नोकरी गेल्याचं पत्र जोडलं, सहा महिने फक्त व्याज आणि वर ५०० मुद्दल भरतो असं लिहिलं आणि आवक शिक्का मारून पोच घेतली. मॅनेजर म्हणाले थकल्यावर येणारे भरपूर असतात, थकायच्या आधी येणारे कमीच, आणि पुढच्या मीटिंगला मंजूर करून दिलं. दादाने येताना रिक्षात एवढंच विचारलं की ताई हे मला आधी का नाही सांगितलं. जामीन राहिलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात सांगा, त्याला दुसऱ्याकडून कळायला नको.

घरकर्ज त्याच्याच बरोबरीनं. नव्वद दिवस थकलं की खातं एनपीए म्हणजे बुडीत धरलं जातं आणि त्यानंतर बँक साठ दिवसांची नोटीस काढू शकते, म्हणजे आपल्याकडे वेळ असतो पण तो गप्प बसून घालवायचा नाही. शाखेत जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. आमचा ६२०० चा ४९०० झाला. एकूण व्याज जास्त जाणार हे खरं, पण तेव्हा महिन्याचे तेराशे वाचणं महत्त्वाचं होतं. चुकलेल्या हप्त्यावरचा दंड मुद्दलात धरून त्याच्यावर परत व्याज लावता येत नाही, २०२४ पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे, स्टेटमेंट मागून बघा. बचत गटाचे ९०० मात्र मी एकदाही चुकवले नाहीत, तिथं आपल्या नावावर दहा बायका बसलेल्या असतात.

सगळ्यात शेवटी मोबाईल आणि क्रेडिट कार्ड असेल तर ते. कार्डाचं नुसतं मिनिमम भरत राहिलात तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढत जातं, त्यापेक्षा कार्ड वापरणं बंद करून हप्ते पाडून घ्या. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला परवानगी नाही, शिवीगाळ केली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना फोन केले तर रेकॉर्डिंग ठेवा, आधी त्या कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि तीस दिवसांत काही झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, माहितीला १४४४८ नंबर आहे. कमी पैशांत सेटलमेंट करू म्हणतील, ते घेताना एक समजून घ्या की सिबिलला, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' असं लागतं आणि पुढे कर्ज घ्यायला त्रास होतो. अगदीच इलाज नसेल तेव्हाच, आणि पत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि हात जोडून सांगते, सावकाराकडे जाऊ नका. आपल्याकडे महिना पाच टक्के, दहा टक्के असं सहज बोलतात, पाच टक्के महिना म्हणजे वर्षाला साठ झाले. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे, परवाना असलेल्या सावकारालासुद्धा बिगरशेती कर्जावर तारण असेल तर वर्षाला १५ आणि विनातारण असेल तर १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही आणि परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. कुणी आधीच अडकलं असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार होते. मोबाईलवरची पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲपं पण तसलीच, फोटो आणि नंबर उचलून धमक्या देतात, तसं झालं तर लगेच १९३० ला फोन करा.

मग एकदमच अडलं तर काय करायचं? मी माझी एक पाटली बँकेत ठेवली. मोडली नाही, तारण ठेवली. सोनेतारणाचं व्याज सावकाराच्या कितीतरी कमी असतं आणि वस्तू परत येते, फक्त मुदत संपायच्या आधी व्याज भरून नूतनीकरण करून घ्यायचं नाहीतर लिलावात जाते. पण त्या पैशातून गाडीचा हप्ता भरू नका. आम्ही त्यातून दोन महिन्यांचा किराणा आणि पतसंस्थेचं व्याज ठरवून वेगळं ठेवलं, गाडी फायनान्स कंपनीची एनओसी घेऊन विकून टाकली आणि हे नवीन कामाच्या मुलाखतींना एसटीने फिरले.

कामावर लागल्यावर पहिल्या पगाराला लगेच सगळ्यांना थोडं थोडं वाटत बसू नका. आम्ही आधी पतसंस्था बंद केली, मग पाटली सोडवली. पतसंस्थेतून शेवटच्या दिवशी नील दाखला, म्हणजे काही बाकी नाही असं पत्र, मागून घेतला, दारातच झेरॉक्स काढली आणि मूळ कागद घरी न्यायच्या आधी ती झेरॉक्स दादाच्या घरी नेऊन दिली.