मेलबॉक्समधला सरकारी चेक: नव्याने आलेल्यांसाठी

2008 सालच्या मे महिन्यात न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली, मेलबॉक्सपाशी, रोज संध्याकाळी चारपाच बायका जमायच्या. बुश सरकारने स्टिम्युलस जाहीर केलं होतं: माणशी 600 डॉलर, नवरा-बायकोला मिळून 1200, मुलामागे 300. शेजारच्या गुजराती कुटुंबाला चेक आला, वरच्या मजल्यावरच्या तेलुगू जोडप्याला आला. आम्हाला नाही. नवऱ्याची नोकरी होती, पगारातून टॅक्स कापला जात होता, रिटर्न वेळेवर गेलं होतं. एक जण म्हणाली, पोस्टात हरवला असेल. दुसरी म्हणाली, ग्रीन कार्ड असलेल्यांनाच मिळतो. तिसरी म्हणाली, बरं झालं आला नाही, पुढच्या वर्षी परत कापून घेतात. तिघींचंही चूक होतं.

खरं कारण महिन्याभराने कळलं. मी एच-4 वर, म्हणजे नवऱ्याच्या कामाच्या व्हिसाबरोबर मिळणाऱ्या व्हिसावर होते, माझ्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नव्हता, म्हणून रिटर्नमध्ये माझा आयटिन, म्हणजे फक्त टॅक्सपुरता मिळणारा नंबर, घातला होता. त्या कायद्यात जॉइंट, म्हणजे नवरा-बायकोचं एकत्र, रिटर्न भरणाऱ्या दोघांकडेही सोशल सिक्युरिटी नंबर हवा होता. एकाकडे नसला की दोघांचंही गेलं. माझ्यापायी नवऱ्याचे 600 सुद्धा गेले, हे मला तेव्हा फार लागलं होतं. म्हणून आता मंडळात कुणी नवीन मुलगी भेटली आणि "ताई, आम्हाला पैसे मिळतील का?" म्हणाली, की मी तिला तीन गोष्टी विचारते: कोणता कायदा, कोणत्या वर्षाचं रिटर्न, आणि त्या वर्षी तुम्हा दोघांचं स्टेटस काय होतं. बातमीत फक्त रक्कम असते. कुणाला मिळणार हे कायद्यात लिहिलेलं असतं, आणि ते दर वेळी वेगळं असतं.

बघा ना, मार्च 2020 च्या कायद्याने करोनाचे 1200 डॉलर आले तेव्हा आयटिनचा तोच नियम पुन्हा होता. डिसेंबर 2020 च्या कायद्याने तो मागच्या तारखेपासून बदलला: ज्याच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर आहे त्याचे पैसे त्याला, जोडीदाराकडे आयटिन असला तरी. ज्यांना हे कळलं त्यांनी 2020 च्या रिटर्नमध्ये ते मागून घेतले. ज्यांनी "आपल्याला मिळत नाहीत" एवढंच ऐकलं होतं, त्यांनी मागितलेच नाहीत. (2015 पासून काही एच-4 वाल्यांना काम करायची परवानगी मिळते आणि तिच्यामागून नंबरही मिळतो. तुमचं त्यात बसत असेल तर ते काम लांबवू नका.)

शब्दांचा घोळ आधी निस्तरू. रिफंड म्हणजे पगारातून जास्त कापलेला टॅक्स परत मिळणं, आपल्याकडे टीडीएसचा परतावा येतो तसा. तो हक्काचा आणि तुमच्या एकट्याच्या हिशेबाचा. रिबेट किंवा स्टिम्युलस सरकार कायदा करून ठरावीक लोकांना देतं. 2001 मधले 300 आणि 600 डॉलर आधीच्या वर्षी टॅक्स भरलेल्यांनाच होते. 2020 मध्ये मात्र ज्यांना टॅक्स लागतच नव्हता त्यांनाही पैसे गेले. त्यामुळे "आपलेच पैसे परत देतात" म्हणणारा आणि "सरकार वाटतंय" म्हणणारा, दोघेही आपापल्या वर्षाचं बोलत असतात. जेवणाच्या टेबलावर यावरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत. 2020 च्या कागदी चेकवर तर खाली डाव्या बाजूला ट्रम्प यांचं नाव छापलेलं होतं, त्यामुळे कित्येकांना ते त्यांनी दिलेले पैसे वाटले. पैसे काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मंजूर केलेल्या कायद्याचे होते.

पुढच्या वर्षी कापून घेतात का? 2008, 2020 आणि 2021 च्या स्टिम्युलसचे पैसे ज्यांना नियमाने मिळाले, त्यांच्याकडून काही कापलं नाही, आणि ते उत्पन्नातही धरले नाहीत. पण ही भीती अगदीच हवेतून आलेली नाही. 2021 च्या जुलै ते डिसेंबरमध्ये मुलांसाठी दरमहा 250 किंवा 300 डॉलर खात्यात येत होते. तो चाइल्ड टॅक्स क्रेडिटचा, म्हणजे मुलांमागे टॅक्समध्ये मिळणाऱ्या सवलतीचा, ॲडव्हान्स होता. 2022 मध्ये रिटर्न भरताना उरलेलं अर्धंच क्रेडिट शिल्लक होतं, रिफंड आटला, आणि किती घरांत "आमचे पैसे कुठे गेले" सुरू झालं. आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याने, त्याआधी पत्र पाठवलं होतं. ते पत्र बऱ्याच जणांनी जाहिरातींबरोबर टाकून दिलं होतं.

विद्यार्थ्यांनो, आता तुमच्यासाठी, आणि हे नीट वाचा. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर आलेला मुलगा पहिली पाच कॅलेंडर वर्षं टॅक्सच्या भाषेत सहसा नॉन-रेसिडेंट (अनिवासी) असतो. ऑगस्टमध्ये उतरलात तरी ते अख्खं वर्ष मोजलं जातं. नॉन-रेसिडेंटचं रिटर्न 1040-एनआर या फॉर्मवर जातं, आणि त्यांना स्टिम्युलस नव्हतंच. माझा भाचा ऑगस्ट 2018 ला आला. 2019 चं रिटर्न त्याने रूममेटच्या सॉफ्टवेअरवर भरलं, रेसिडेंट लोकांच्या साध्या 1040 फॉर्मवर. मे 2020 मध्ये त्याला 1200 डॉलरचा चेक आला. तो चेक घेऊन तो माझ्याकडे आला आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसलो. फिकट हिरवा कागद, डाव्या बाजूला स्वातंत्र्यदेवीचं चित्र, मधोमध त्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, एकही स्पेलिंग न चुकता. "मावशी, माझं नाव छापलंय म्हणजे माझाच ना?" ऑनकॅम्पसची नोकरी बंद झाली होती, भाडं थकलं होतं, मित्रांपैकी दोघांनी पैसे वापरूनही टाकले होते. त्याला नाही म्हणताना माझ्या पोटात तुटलं.

पण नाही म्हटलं. आयआरएसच्या सूचनेप्रमाणे चेकच्या मागे जिथे सही करतात तिथे "व्हॉइड" लिहिलं, का परत करतोय ते दोन ओळींत वेगळ्या कागदावर लिहिलं, स्टेपल मारलं नाही, घडी घातली नाही, आणि मोठ्या पाकिटातून त्या राज्यासाठी दिलेल्या पत्त्यावर पाठवलं. मग 1040-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरून जुनं रिटर्न दुरुस्त केलं. पैसे खात्यात थेट आले असते तर तेवढ्याच रकमेचा स्वतःचा चेक यू.एस. ट्रेझरीच्या, म्हणजे सरकारी खजिन्याच्या, नावे लिहावा लागला असता. दुरुस्तीत त्याचं फार काही गेलंही नाही, कारण भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला 1040-एनआरवरही स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून ठरावीक वजावट, मिळतं. चुकीचं रिटर्न पुढे व्हिसाच्या, ग्रीन कार्डच्या कागदांत आपल्या मागे येतं, तेव्हा ते आधीच नीट करून ठेवावं. एच-1बी या कामाच्या व्हिसावर वर्षाच्या शेवटाकडे आलेल्यांनीही पहिलं रिटर्न भरताना "मी रेसिडेंट की नॉन-रेसिडेंट?" हा प्रश्न स्वतःला विचारावा.

याच्या उलट जे हक्काचे पैसेही भीतीने घेत नाहीत, त्यांना सांगते: टॅक्स क्रेडिट आणि स्टिम्युलस घेतल्याने तुम्ही पब्लिक चार्ज, म्हणजे सरकारवर भार, ठरत नाही. नियमात बसत असाल तर घ्या.

पाकिटं उघडा. 2020 मध्ये जवळजवळ 40 लाख लोकांना पैसे प्रीपेड डेबिट कार्डवर आले, तेही साध्या पांढऱ्या पाकिटात, आणि अनेकांनी क्रेडिट कार्डाची जाहिरात समजून कार्ड कापून टाकलं. ट्रेझरीचा चेक एक वर्षच चालतो. 30 सप्टेंबर 2025 पासून तर केंद्र सरकारने बहुतेक कागदी चेक बंद करायला घेतले आहेत, म्हणून रिटर्नमध्ये बँक खात्याचा नंबर बरोबर घाला, आणि भारतात परत जाणार असाल तर रिफंड येईपर्यंत खातं बंद करू नका. घर बदललंत की आयआरएसला 8822 फॉर्मने पत्ता कळवा.

आयआरएस रिबेट मंजूर झाल्याचा मेसेज पाठवून लिंकवर खात्याचा नंबर मागत नाही. तसा मेसेज आला की पुसून टाका. 2021 च्या स्टिम्युलसच्या 1400 डॉलरवर दावा करायची मुदत 15 एप्रिल 2025 ला संपली, त्यामुळे "अजून मिळवून देतो, आधी फी भरा" म्हणणाऱ्याकडे ढुंकूनही बघू नका. आणि 2025 च्या नोव्हेंबरमध्ये ट्रम्प यांनी टॅरिफमधून, म्हणजे आयात करातून, माणशी 2000 डॉलर द्यायचं बोलून दाखवलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला सात जणांनी विचारलं की फॉर्म कुठे भरायचा. काँग्रेस कायदा करत नाही तोवर फॉर्म नसतो.

राज्याचे पैसे वेगळे. व्हर्जिनियाने 2022 मध्ये माणशी 250 डॉलरपर्यंत दिले, पण त्या राज्याचा टॅक्स लागला होता त्यांनाच. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी 200 पासून 1050 पर्यंत दिले. तुमचा चुलतभाऊ सॅन होजेत असेल तर त्याचा अनुभव तुम्हाला एडिसनमध्ये लागू नाही.

इथे न्यू जर्सीत प्रॉपर्टी टॅक्सचा भार हलका करायला पैसे देणारी अँकर नावाची योजना आहे, आणि ती फक्त घरमालकांची आहे असं नव्याने आलेले धरून चालतात. भाडेकरूंनाही मिळतात, 450 डॉलर, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न दीड लाख डॉलरपर्यंत असेल तर. अर्ज ज्या वर्षासाठी आहे त्या वर्षीच्या 1 ऑक्टोबरला तुम्ही न्यू जर्सीत राहत होता आणि लीझवर तुमचं नाव होतं किंवा भाडं तुम्ही भरत होता, एवढं मुख्य. आमच्या ओळखीचं एक जोडपं आयझलिनमध्ये तीन वर्षं भाड्याने राहत होतं आणि अर्ज केलाच नव्हता. गेल्या दिवाळीच्या फराळाला आले तेव्हा मी त्यांना फाइल घेऊन बसवलं, लीझचा कागद काढायला लावला आणि चकल्या बाजूला सारून लॅपटॉपवर अर्जाची साइट उघडली.