बजेट गाडीवर रॅप: पैसे घालण्याआधी या चुका टाळा

रॅप म्हणजे गाडीच्या रंगावर चिकटवायची रंगीत प्लास्टिक फिल्म. तिचा खर्च गाडीच्या किमतीवर नाही, पत्र्याच्या मापावर ठरतो. फिल्मचा रोल 1.52 मीटर म्हणजे पाच फूट रुंद असतो. छोट्या हॅचबॅकला साधारण 13 ते 15 मीटर फिल्म लागते, म्हणजे 215 ते 245 चौरस फूट. दुकानदाराच्या दराला याने गुणा आणि तो आकडा गाडीच्या आजच्या बाजारभावाशेजारी ठेवून बघा. जुन्या गाडीच्या बाबतीत बरेच निर्णय इथेच होतात.

खराब रंग झाकायला रॅप करणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. फिल्म गोंदासकट जेमतेम 90 मायक्रॉन जाड असते. पोचे, पुट्टीच्या कडा, गंजाचे फोड तिच्याखालून दिसतात, चकचकीत फिनिशमध्ये तर जास्तच. क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, सुटत असेल तर फिल्म त्या सुटणाऱ्या थराला चिकटते आणि त्याच्यासकट निघून येते. शंका असलेल्या जागी चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. पट्टीला पापुद्रा आला, तर त्या पैशांत डेंटिंग-पेंटिंग करा.

सेकंडहँड गाडीचा एखादा दरवाजा आधी रंगवलेला असू शकतो. पेंटची जाडी मोजणारा मीटर कंपनीच्या रंगावर साधारण 100 मायक्रॉनच्या आसपास दाखवतो. 200 च्या पुढे गेला तर तो भाग पुन्हा रंगवलेला समजा. अशा ठिकाणी फिल्म काढताना रंगही सोलून निघू शकतो. ताज्या रंगावर किमान तीन आठवडे फिल्म लावू नये, आतून निघणाऱ्या वाफेने फुगे येतात.

नुसता दर बघून फिल्म घेणे

कॅलेंडर्ड फिल्म (रोलरखाली लाटून केलेली) स्वस्त असते, पण उन्हाने आकसते. कडेला गोंदाची रेघ उघडी पडते आणि तिच्यावर काळा मळ बसतो. कास्ट फिल्म (पातळ द्रव ओतून केलेली) वळणांवर नीट बसते आणि आकसत नाही म्हटलं तरी चालेल. थ्रीएमची 2080 किंवा एव्हरी डेनिसनची एसडब्ल्यू 900 ही कास्टची उदाहरणं. बिलावर कंपनी आणि सीरिज दोन्ही लिहून घ्या, ‘इम्पोर्टेड’ या शब्दाला काही अर्थ नाही.

काढण्याची मजुरीही आधीच विचारा. उन्हात वाळलेली स्वस्त फिल्म अखंड निघत नाही. नखाएवढे तुकडे पडतात, गोंद मागे राहतो आणि तो काढण्यात दिवस जातो.

लावल्यानंतरच्या तक्रारी

बारीक हवेचे फुगे काही दिवसांत आपोआप बसतात. नाहीच बसले तर सुईने टोचून दाबा. पण बंपरच्या खोबणीत तोच फुगा दाबूनही परत येत असेल, तर फिल्म ताणून बसवली आहे आणि शेवटचा शेक दिलेला नाही. तो भाग हीट गनने साधारण 100 अंशांपर्यंत तापवावा लागतो, तेही इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजून. कडा उचलत असेल तर बहुतेकदा खाली पॉलिशचा किंवा मेणाचा अंश राहिलेला असतो. लगेच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, गरम करून दाबली तर बसते. गोंदात धूळ गेली असेल तर मात्र तेवढी पट्टी बदलावी लागते. धुताना प्रेशरचा नोझल फुटभर तरी लांब ठेवा आणि कडेवर तिरका मारू नका.

आरसी विसरणे

आरसीवर रंगाची नोंद असते. रंग बदलत असाल तर आधी आरटीओत चौकशी करा आणि विमा कंपनीला कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी कटकट. शिवाय दरवाजा उघडला की आतला मूळ रंग दिसतोच. लाल गाडी पांढरी केली की हे फार डोळ्यांत खुपतं. मूळ रंगाच्या जवळची छटा घेतली तर असं होत नाही.

कंपनीचा रंग शाबूत आहे आणि गाडी अजून तीन-चार वर्षं ठेवायची आहे, अशा वेळीच पूर्ण रॅप परवडतो. एरवी मशीन पॉलिश करून फक्त टप काळा करा: सुमारे दोन मीटर फिल्म, एकच तुकडा, जोड नाही.