स्लीप अ‍ॅप्नियाचे उपचार चालू असताना झोपच लागत नसेल तर काय करावे

स्लीप अ‍ॅप्नियासाठी (झोपेत श्वास वारंवार अडण्याच्या आजारासाठी) सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे यंत्र, घेतलेल्या रुग्णाला आता शांत झोप लागेल असे घरातले सगळेच धरून चालतात, आणि तो मात्र तोंडावर मास्क लावून छताकडे पाहत पडलेला असतो. पूर्वी निदान घोरत का होईना झोप लागत होती, आता तीही गेली, असे म्हणून यंत्र कपाटात ठेवून देणारे बरेच असतात. यात रुग्णाची चूक नसते आणि बहुतेक वेळा यंत्राचीही नसते. स्लीप अ‍ॅप्निया आणि निद्रानाश हे दोन वेगळे आजार एकाच माणसाला झालेले असतात, पण उपचार त्यांपैकी एकावरच चालू असतो.

हे दोन आजार एकत्र असू शकतात ही गोष्ट वैद्यकशास्त्रालाही सहज पटलेली नाही. अ‍ॅप्नियाच्या रुग्णाला दिवसा बसल्याजागी डुलकी लागते आणि निद्रानाशाच्या रुग्णाला रात्रीही डोळा लागत नाही, त्यामुळे दोन्ही एकाच ठिकाणी कसे असतील असा प्रश्न होता. झोपेचे संशोधक क्रिस्तियाँ गिलमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्येच असे रुग्ण वर्णिले होते, तरी या जोडीकडे गंभीरपणे लक्ष जायला पुढे अनेक वर्षे लागली. झोपेच्या दवाखान्यात येणाऱ्या अ‍ॅप्नियाच्या रुग्णांपैकी साधारण ३० ते ५० टक्के लोकांत निद्रानाशाची लक्षणे आढळतात, असे आता मानले जाते.

खाली दिलेला क्रम शक्यतो तसाच पाळावा. चौथी आणि पाचवी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, परंतु पहिल्या तीन पायऱ्या वगळून थेट तिथे गेल्यास बहुधा उपयोग होत नाही.

पहिली पायरी : जाग कशामुळे येते ते वेगळे करा

स्लीप अ‍ॅप्नियात झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो आणि श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ थांबतो अथवा उथळ होतो. असे तासाला किती वेळा घडते त्या संख्येला एएचआय म्हणतात. ५ ते १५ म्हणजे सौम्य, १५ ते ३० म्हणजे मध्यम आणि ३० किंवा अधिक म्हणजे तीव्र आजार, अशी विभागणी आहे. निद्रानाशाचा निकष यापेक्षा वेगळा आहे. झोपण्याची पुरेशी संधी असूनही आठवड्यातून किमान ३ रात्री झोप लागत नाही, मध्येच मोडते किंवा फार पहाटे उडते, त्याचा दिवसाच्या कामावर परिणाम होतो आणि हे ३ महिने किंवा अधिक काळ चालते, तेव्हा तो दीर्घकालीन निद्रानाश ठरतो.

सध्याची बहुतेक सीपॅप यंत्रे रोजची नोंद ठेवतात. तीत वापराचे तास, हवेची गळती आणि उरलेला एएचआय हे तीन आकडे पाहावेत. उपचार चालू असतानाचा एएचआय सहसा ५ च्या खाली असायला हवा. तो त्याहून जास्त राहत असेल किंवा गळती मोठी दिसत असेल, तर मध्यरात्रीची जाग अपुऱ्या उपचारामुळे येत असण्याचा संभव आहे आणि तो प्रश्न डॉक्टरांनी दाब किंवा मास्क बदलून सोडवायचा आहे. आकडे चांगले आहेत आणि तरीही तुम्ही तासन्‌तास जागे असाल, तर तो निद्रानाश समजावा.

ही नोंद वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तुम्ही झोपला आहात की जागे आहात हे यंत्राला नीट कळत नाही. मास्क लावून ७ तास पडून राहिलात आणि त्यांतले ३ तास जागे होतात, तरी यंत्र ७ तास वापर असेच लिहिते. जागेपणी कूस बदलताना रोखलेला श्वासदेखील कधीकधी अ‍ॅप्निया म्हणून मोजला जातो. त्यामुळे एखाद्या रात्रीच्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा दोनतीन आठवड्यांचा कल पाहणे शहाणपणाचे ठरते.

दुसरी पायरी : दोन आठवडे झोपेची नोंदवही ठेवा

रोज सकाळी उठल्यावर, अंदाजानेच, पाच गोष्टी लिहाव्यात : अंथरुणावर केव्हा पडलात, झोप लागायला किती वेळ गेला, मध्ये एकूण किती वेळ जागे होतात, शेवटची जाग केव्हा आली आणि अंथरूण केव्हा सोडले. मास्क काढून टाकला असेल तर तेही लिहावे. रात्री घड्याळ पाहून या नोंदी करू नयेत, कारण घड्याळ पाहण्याची सवय हेच निद्रानाशाचे एक खतपाणी आहे. ही वही कंटाळवाणी वाटते हे खरे, पण पुढचा सगळा हिशेब तिच्यावरच बेतलेला आहे.

तिसरी पायरी : मास्कशी ओळख दिवसा करून घ्या

मास्कमुळे जीव घुसमटतो अशी भावना ज्यांना होते, त्यांनी रात्री अंथरुणावरच ही लढाई करणे म्हणजे अंथरुणाची धास्ती वाढवणे होय. त्याऐवजी दिवसा, खुर्चीत बसून सवय करावी. सुरुवातीला पट्टे न बांधता मास्क नुसता हाताने चेहऱ्यावर धरावा. ते सहज जमू लागले की पट्टे बांधून, नंतर यंत्र सुरू करून १५–२० मिनिटे काहीतरी वाचत किंवा पाहत बसावे. शेवटी तसेच आडवे पडून पाहावे. एका टप्प्यावर अस्वस्थता ओसरल्याखेरीज पुढच्या टप्प्याला जाऊ नये. कोणाला हे चार दिवसांत जमते, कोणाला तीन आठवडे लागतात.

झोप लागण्याच्या वेळी हवेचा दाब जास्त वाटत असेल तर रॅम्पची सोय वापरावी. तिच्यामुळे दाब कमी पातळीवर सुरू होऊन हळूहळू वाढतो. श्वास सोडताना दाब किंचित उतरवण्याची सोयही अनेक यंत्रांत असते. तोंडाला कोरड पडत असेल तर ह्युमिडिफायर (हवेत ओलावा मिसळणारा भाग) वाढवावा आणि तोंड उघडे राहते का ते पाहावे. डोळ्यांवर हवा येत असेल तर मास्कचे माप किंवा पट्ट्यांची जुळणी चुकलेली असते. अशा वेळी लोक पट्टे आणखी घट्ट आवळतात, पण त्याने गळती बहुधा वाढते आणि नाकावर वळ उठतात. यंत्राऐवजी जबडा पुढे धरणारे दातांचे साधन वापरणाऱ्यांना सुरुवातीला जबडा दुखणे किंवा लाळ सुटणे यांमुळे जाग येऊ शकते. ते दंतवैद्याला सांगावे.

चौथी पायरी : अंथरूण आणि जागरण यांची गाठ सोडवा

मूळ कारण गेले तरी निद्रानाश का टिकतो, याचे उत्तर या पायरीत आहे. श्वास अडल्यामुळे वर्षानुवर्षे रात्री जाग येत राहिली की माणूस नकळत काही उपाय करू लागतो. तो लवकर आडवा होतो, उशिरापर्यंत लोळतो, दुपारी झोपतो आणि जाग आली की झोपेची वाट पाहत पडून राहतो. यंत्रामुळे श्वास सुरळीत होतो, पण अंथरूण ही जागे राहण्याची जागा आहे हा शरीराने शिकलेला धडा यंत्राला पुसता येत नाही. मध्यरात्री येणारी जाग सीपॅपमुळे पुष्कळांची कमी होते. मात्र झोप लागायलाच होणारा उशीर यंत्राने फारसा हटत नाही, आणि काहींच्या बाबतीत तो वाढतोही.

हा धडा मोडण्याची पद्धत मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७० च्या दशकात मांडली आणि ती आजही वापरात आहे. डोळे पेंगू लागल्यावरच अंथरुणावर जावे. नुसता थकवा म्हणजे झोप नव्हे, हा फरक इथे महत्त्वाचा आहे. अंदाजे २० मिनिटांत झोप लागली नाही, किंवा पडल्या पडल्या चिडचिड सुरू झाली, तर उठावे, दुसऱ्या खोलीत जाऊन मंद प्रकाशात काहीतरी शांत करावे आणि पुन्हा पेंग आली की परतावे. हे एका रात्रीत चार वेळा करावे लागले तरी करावे. सकाळी उठण्याची वेळ मात्र रोज एकच ठेवावी, मग रात्र कशीही गेलेली असो.

मास्क लावणाऱ्याला यात एक जादा अडचण येते. एकदा उठले की मास्क काढावा लागतो, आणि परत आल्यावर तो लावण्याचा कंटाळा येतो. लघवीसारख्या कामासाठी थोडा वेळ उठायचे असेल तर बहुतेक मास्कची नळी तेवढी वेगळी करता येते, डोक्यावरचे पट्टे तसेच राहू द्यावेत. जास्त वेळ बाहेर बसायचे असेल तर मास्क काढावा, परंतु परतल्यावर तो लावून, रॅम्प पुन्हा सुरू करूनच आडवे व्हावे. आजच्यापुरते तसेच झोपू, असे एकदा केले की पहाटेची झोप यंत्राविना जाते, आणि स्वप्नांच्या झोपेचा मोठा वाटा पहाटेच असल्यामुळे अनेक रुग्णांचा श्वास नेमका त्याच वेळी जास्त अडतो.

पाचवी पायरी : अंथरुणातला वेळ आवळा, पण जपून

जास्त वेळ पडून राहिल्याने झोप वाढत नाही, ती विरळ होते. मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८० च्या दशकात यावर आधारलेली पद्धत मांडली. समजा नोंदवहीप्रमाणे तुम्ही रात्री १० ते सकाळी ७ असे ९ तास अंथरुणात असता आणि सरासरी झोप ६ तास होते. झोपेचे तास भागिले अंथरुणातले तास हे प्रमाण इथे सुमारे ६७ टक्के येते. अशा वेळी अंथरुणातला वेळ ६ तासांवर आणावा. सकाळी ६ ला उठायचे ठरवले तर रात्री १२ च्या आधी आडवे व्हायचे नाही. पहिला आठवडा जड जातो, पण झोपेची ओढ साचत जाते आणि मास्क तोंडावर असूनही डोळा लवकर लागू लागतो. आठवड्याची सरासरी ८५ टक्क्यांच्या वर स्थिर झाली की वेळ १५ मिनिटांनी वाढवावा, आणि असेच पुढे जावे. झोप ५ तासांपेक्षा कमी होत असली, तरी अंथरुणातला वेळ सहसा साडेपाच तासांच्या खाली नेत नाहीत.

अ‍ॅप्नियाच्या रुग्णाने ही पायरी स्वतःच्या मनाने सुरू करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला आधीच दिवसा पेंग येते, त्याची झोप पहिल्या दोनतीन आठवड्यांत आणखी घटू शकते, आणि गाडी चालवताना किंवा यंत्रावर काम करताना ती पेंग जिवावर बेतू शकते. दिवसाची पेंग मोजण्यासाठी एपवर्थ नावाची २४ गुणांची प्रश्नावली असते. तीत १० पेक्षा जास्त गुण आले तर आधी अ‍ॅप्नियाचा उपचार नीट बसवावा किंवा अंथरुणातला वेळ हळूहळू, आठवड्याला अर्ध्या तासाने कमी करावा. अपस्मार किंवा बायपोलर विकार असलेल्यांना झोप तोडणे घातक ठरू शकते, त्यामुळे त्यांनी ही पद्धत तज्ज्ञाविना वापरूच नये.

चौथी आणि पाचवी पायरी, विचारांवरचे काम आणि शिथिलीकरण मिळून जो उपचार होतो त्याला निद्रानाशासाठीची बोधात्मक वर्तन उपचारपद्धती म्हणतात. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी हाच उपचार सुचवला आहे. दोन्ही आजार असलेल्या रुग्णांना सीपॅप सुरू करण्यापूर्वी तो दिला असता यंत्राचा वापर रात्रीला सरासरी सुमारे एका तासाने वाढला, असे ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत २०१९ मध्ये दिसून आले.

सहावी पायरी : आकड्यांची आणि रात्रीची भीती कमी करा

यंत्राचे अ‍ॅप रोज सकाळी गुण देते, आणि काही जण परीक्षेचा निकाल पाहावा तसे ते पाहतात. कमी गुण दिसले की दिवस वाईट जाणार असे ठरवून टाकतात आणि रात्री पुन्हा त्याच धास्तीने अंथरुणावर जातात. अ‍ॅप आठवड्यातून एकदा पाहणे पुरेसे आहे. उद्याच्या कामांची, पैशांची, तब्येतीची काळजी करायला संध्याकाळी १५ मिनिटे राखून ठेवावीत, मनात येईल ते कागदावर उतरवावे आणि कागद बाजूला ठेवावा. कॅफिनचा अर्धा अंश शरीरातून जायला साधारण ५ तास लागतात, तेव्हा दुपारनंतर चहा-कॉफी टाळणे बरे.

सातवी पायरी : गोळ्या आणि दारू

दारूने झोप लवकर लागते, परंतु घशाचे स्नायू अधिक सैल पडतात, श्वास जास्त अडतो आणि रात्रीच्या उत्तरार्धात झोप मोडते. बेन्झोडायझेपिन गटातील झोपेच्या गोळ्या स्नायू सैल करतात आणि श्वास अडल्यावर येणारी संरक्षक जागही उशिरा येऊ देतात, म्हणून उपचार न झालेल्या अ‍ॅप्नियात त्या विशेष धोक्याच्या असतात. जी गोळी लिहून द्यायची ती अ‍ॅप्नियाची माहिती असलेल्या डॉक्टरनेच द्यावी. पूर्वीपासून अशी गोळी चालू असेल तर ती एकदम बंदही करू नये, मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने कमी करावी.

हे सर्व नीट पाळल्यास बहुधा ६ ते ८ आठवड्यांत फरक दिसतो. तेवढ्या अवधीत काहीच बदल झाला नाही, पाय सतत हलवावेसे वाटत असले, मन फार खिन्न राहू लागले किंवा गाडी चालवताना डोळा लागला, तर नोंदवही आणि यंत्राची माहिती घेऊन झोपेच्या तज्ज्ञाकडे जावे आणि माझ्या निद्रानाशावर स्वतंत्र उपचार हवा आहे असे स्पष्ट सांगावे, कारण भेटीचा वेळ एएचआयच्या चर्चेतच संपून जातो. सुधारणा झाल्यानंतरही सर्दीत नाक चोंदले, प्रवास झाला किंवा घरात काही ताण आला की चारदोन रात्री वाईट जातात. त्या रात्रींची भरपाई करण्यासाठी लवकर आडवे होऊ नये किंवा दुपारी झोपू नये. वाईट रात्री आठवडाभर टिकल्या, तर शेवटी ज्या वेळा जमल्या होत्या त्यांच्या अर्धा तास अलीकडे येऊन, म्हणजे अंथरुणातला वेळ तेवढा कमी करून, पुन्हा १५–१५ मिनिटांनी वाढवत जावे.