लेक्चर पण आणि ऑर्केस्ट्रा पण: युनिव्हर्सिटीच्या हॉलचं अकूस्टिक्स कसं जमवायचं

युनिव्हर्सिटीच्या हॉलला एकच काम कधीच नसतं. भाषण नीट कळायला आवाज साधारण १ सेकंदात विरायला पाहिजे, आणि ऑर्केस्ट्राला तो १.८ ते २.२ सेकंद घुमायला हवा (बोस्टनचा सिम्फनी हॉल, १९०० सालचा, भरलेला असताना १.९ च्या आसपास).

म्हणून आधी घनफळ ठरवा, पडद्यांचे कलर वगैरे नंतर बघू. घुमणारा हॉल पडदे खाली सोडून सुका (कमी घुमणारा) करता येतो, पण बजेट वाचवायला छत खाली घेतलंत तर मग माइक-स्पीकरची सिस्टीम बसवूनच घुमवावा लागतो, बर्कलेच्या झेलरबाख हॉलमध्ये तशी आहे. दर खुर्चीमागे १० घनमीटर धरा, ५०० खुर्च्या म्हणजे ५००० घनमीटर.

आता भौतिकशास्त्रज्ञ सेबिनचं सूत्र: घुमण्याचे सेकंद म्हणजे ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले एकूण शोषण. २ सेकंदांसाठी शोषण लागतं ४०२ चौ. मी., लेक्चरला चालून जातील अशा १.२ साठी ६७१. फरक जवळपास २७०, आणि चुण्या घातलेला जाड वेलवेट मधल्या सुरांना ०.६ (आदळलेल्या आवाजातला तो शोषतो तो हिस्सा) धरला तर ४५० चौ. मी. पडदा झाला! स्टेजमागे एक पडदा टांगून भागेल असं ज्यांना वाटतं त्यांना हा आकडा दाखवा. (सेबिनने हे सगळं हार्वर्डच्याच एका घुमणाऱ्या लेक्चर हॉलपायी शोधलं, १८९५ पासून, रात्री सँडर्स थिएटरच्या गाद्या उचलून आणायच्या, ऑर्गनचा पाइप वाजवून स्टॉपवॉच लावायचं आणि सकाळच्या आत गाद्या परत.)

खरी गोची खर्जात आहे. तोच वेलवेट १२५ हर्ट्झला जेमतेम ०.१४ शोषतो, म्हणजे पडदे सोडले तरी ड्रमची धम्म तशीच राहणार आणि वरचे सूर मात्र मेलेले. पडदा भिंतीपासून ३० सेंमी पुढे टांगा, त्याने २८५ हर्ट्झच्या आसपासपर्यंत बरा फरक पडतो, त्याखाली खर्ज शोषणारे वेगळे बास पॅनल लागतातच. पॅरिसला इरकाम या संगीत-संशोधन संस्थेत १९७८ पासून भिंतीत फिरणारे तीन तोंडांचे पॅनल आणि खालीवर होणारं छत आहे, भारी प्रकार, पण कॉलेजच्या बजेटात मी तरी पडदेच घेईन.

गुंडाळलेले पडदे बंद कपाटात गेले पाहिजेत, दार लावून, नाहीतर उघड्या कोपऱ्यात ते आवाज खातच बसतात आणि तुमचे २ सेकंद काही मिळत नाहीत. खुर्च्या कुशनच्याच घ्या, म्हणजे रिकाम्या हॉलमधली प्रॅक्टिस आणि भरलेला शो यात फार फरक पडत नाही. एसीचे डक्ट मोठे, हवा हळू, टार्गेट एनसी-१५ (एनसी म्हणजे मागच्या घरघरीचं माप, आकडा जितका कमी तितकी शांतता).

पडद्यांची बटणं तीनच ठेवा: लेक्चर, चेंबर (मोजक्या वादकांचं संगीत), ऑर्केस्ट्रा, कारण ती दाबणारा दरवर्षी नवा विद्यार्थी असणार. आणि शेवटी तिन्ही सेटिंगला फुगे फोडून घुमण्याचे सेकंद मोजून घ्या, कॉन्ट्रॅक्टरचं फायनल बिल त्यानंतरच.