लॅपटॉपची ड्राइव्ह सांगितल्यापेक्षा मंद निघाली? कंपनीकडून बदलून घेताना या चुका टाळा

'लॅपटॉप स्लो चालतोय' असं म्हणून कस्टमर केअरला फोन लावला की पुढचा क्रम ठरलेला असतो. आधी रीस्टार्ट करा, मग अपडेट टाका, मग कंपनीची डायग्नोस्टिक टेस्ट चालवा. टेस्टचा निकाल येतो 'पास' आणि तुमची तक्रार तिथेच बंद होते.

टेस्ट खोटी नसते. ड्राइव्ह धडधाकट आहे का, एवढंच ती बघते: बॅड सेक्टर (खराब झालेले भाग) किती, ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ते 'स्मार्ट'चे आकडे ठीक आहेत का. मिनिटाला ५४०० फेरे (५४०० आरपीएम) घेणारी हार्ड डिस्क निरोगी असेल तर ती पास होणारच. पण तुम्ही पैसे ७२०० फेऱ्यांच्या डिस्कचे मोजले आहेत. भांडण ड्राइव्हच्या तब्येतीचं नाही. लिहून दिलं एक आणि आत बसवलं दुसरं, हे भांडण आहे. बहुतेक लोक इथेच घसरतात आणि मग महिनाभर चुकीच्या मुद्द्यावर बोलत राहतात.

म्हणून 'स्लो', 'हँग होतो', 'आधीच्यापेक्षा हळू' हे शब्द तक्रारीतून काढून टाका. तक्रार अशी लिहा: 'तुमच्या माहितीपत्रकात या मॉडेलमध्ये ७२०० आरपीएमची १ टीबी हार्ड डिस्क असल्याचं लिहिलं आहे. माझ्या मशीनमध्ये अमुक मॉडेल क्रमांकाची ५४०० आरपीएमची डिस्क आहे. वर्णनाप्रमाणे डिस्क बसवून द्यावी.' या तीन वाक्यांना 'टेस्ट पास आहे' हे उत्तर होऊच शकत नाही.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरही हेच जपा. तिथला मुलगा किंवा मुलगी कॉम्प्युटरवर जॉब शीट भरते आणि 'प्रॉब्लेम'च्या रकान्यात सवयीनं 'सिस्टम स्लो' टाइप करते. प्रिंट हातात आली की लोक न वाचता सही करतात. पुढे प्रकरण वाढलं तर कंपनी तोच कागद काढते आणि म्हणते, ग्राहकानं वर्णनातल्या फरकाबद्दल काही सांगितलंच नव्हतं. सही करण्याआधी तो रकाना वाचा, बदलून मागा. 'सॉफ्टवेअरमध्ये एवढं मोठं वाक्य बसत नाही' असं उत्तर आलं तर प्रिंटवर हातानं लिहा, त्यांचा शिक्का घ्या आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आश्वासनाचा पुरावा न ठेवणं

ऑनलाइन दुकानातलं उत्पादनाचं पान बदलत राहतं. आज तिथे 'एनव्हीएमई एसएसडी' (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या ड्राइव्हचा, म्हणजे एसएसडीचा, जास्त वेगवान प्रकार) असेल, पुढच्या महिन्यात नुसतं 'एसएसडी' उरेल. ऑर्डर केली त्या दिवशीच पानाची पीडीएफ किंवा तारखेसकट स्क्रीनशॉट ठेवलेला बरा. ते राहून गेलं असेल तर खोकं शोधा. खोक्याच्या लेबलवर बऱ्याचदा प्रोसेसर, रॅम आणि ड्राइव्ह यांची ओळ छापलेली असते, शेजारी नेमका पार्ट नंबर आणि सिरियल नंबर. खोकं रद्दीत देऊन टाकणं ही या प्रकरणातली सगळ्यात महाग पडणारी सवय आहे.

पार्ट नंबर महत्त्वाचा, कारण एकाच नावाच्या लॅपटॉपचे बरेच प्रकार बाजारात असतात आणि त्यांतल्या ड्राइव्ह वेगवेगळ्या असतात. यूट्यूबवरच्या परीक्षणातला वेग दाखवून तक्रार केली तर कंपनी एका वाक्यात सुटते: तो प्रकार वेगळा होता. आपल्या सिरियल नंबरवर कंपनीच्या सपोर्ट साइटवर जी रचना दिसते तीच पकडा. ती कंपनीच्याच नोंदीतली असल्यानं नाकारणं तिला अवघड जातं.

आत काय आहे ते न बघता वेग मोजत बसणं

वेगाचा आकडा परिस्थितीनुसार हलतो, ड्राइव्हचा मॉडेल क्रमांक हलत नाही. आधी तो मिळवा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या टॅबवर डिस्क निवडली की उजव्या कोपऱ्यात मॉडेलचं नाव दिसतं. त्याहून उपयोगी म्हणजे 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे मोफत सॉफ्टवेअर. हार्ड डिस्क असेल तर त्यात 'रोटेशन रेट' या ओळीत फेऱ्यांचा आकडा येतो. ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर तो मॉडेल क्रमांक शोधून तिची डेटाशीट (तांत्रिक माहितीचा कागद) उतरवून घेतली, की पुरावा पुरा होतो.

क्रिस्टलडिस्कइन्फोच्या त्याच खिडकीत 'ट्रान्सफर मोड' नावाची ओळ असते, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. मध्ये एक उभी रेघ. डावीकडे सध्या चालू असलेला जोड, उजवीकडे ड्राइव्हला झेपणारा कमाल जोड. पीसीआयई म्हणजे ड्राइव्हला मदरबोर्डशी जोडणारा मार्ग आणि लेन म्हणजे त्यातल्या वाटा. डावीकडे 'पीसीआयई ३.०, दोन लेन' आणि उजवीकडे 'पीसीआयई ३.०, चार लेन' दिसलं, तर ड्राइव्ह चांगली आहे, लॅपटॉपच्या स्लॉटनं तिला अडवलंय. अशा वेळी ड्राइव्ह बदलून मागण्यात अर्थ नाही. शंभर ड्राइव्ह बदलल्या तरी वेग तेवढाच राहील. तक्रार मदरबोर्डच्या वर्णनावर न्यावी लागते, आणि चार लेनचं आश्वासन लेखी नसेल तर ती टिकत नाही.

हार्ड डिस्कमधला फरक अगदी साध्या हिशेबानं समजतो. ७२०० आरपीएमची तबकडी एक फेरा सुमारे ८.३ मिलिसेकंदांत पुरा करते, ५४०० आरपीएमची ११.१ मिलिसेकंदांत. हवी ती माहिती वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा जातो, म्हणजे अनुक्रमे ४.२ आणि ५.६ मिलिसेकंद. लॅपटॉप सुरू होताना डिस्कवरून हजारो छोटे तुकडे वाचले जातात आणि प्रत्येक वेळी हा फरक सोसावा लागतो. 'सर, एवढ्यानं काही फरक पडत नाही' असं कुणी म्हणालं तर हे आकडे ईमेलमध्ये घाला.

मग वेग मोजा, पण नीट. पेन ड्राइव्हवरून फाइल कॉपी करून काढलेला आकडा हा पेन ड्राइव्हचा वेग असतो. 'क्रिस्टलडिस्कमार्क' हे वेग मोजणारं सॉफ्टवेअर चालवा, चार्जर लावून, पॉवर मोड पूर्ण ठेवून, अपडेट आणि अँटीव्हायरसचं स्कॅन संपल्यावर. ड्राइव्ह काठोकाठ भरलेली नको. भरलेली एसएसडी लिहिताना मंद होतेच. मोठी फाइल टाकताना सुरुवातीला जोरात आणि मग एकदम हळू, असं झालं तर तो बहुतेक वेळा एसएसडीचा वेगवान कॅशचा भाग भरल्याचा परिणाम असतो, बिघाडाचा नव्हे. अंदाजासाठी: लॅपटॉपची हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वाचते, साटा (जुन्या, कमी वेगाच्या जोडाची) एसएसडी ५०० ते ५५०, आणि तिसऱ्या पिढीची (पीसीआयई ३.०) चार लेनची चांगली एनव्हीएमई ३५०० एमबीपर्यंत जाते. एनव्हीएमई म्हणून विकलेल्या मशीनमध्ये आकडा ५५०वर अडकून बसला असेल, तर बायोसमधली सेटिंग शोधत बसण्याआधी ड्राइव्हच साटाची आहे का ते पाहा. दोन्ही एम.२ आकाराच्या पट्टीवर येतात, नुसत्या नजरेला फरक सहज कळत नाही.

आणि ५१२ जीबीच्या जागी विंडोज ४७७ दाखवतं म्हणून तक्रार करू नका. तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. तक्रारीत असा एक चुकीचा मुद्दा असला की कंपनी फक्त त्यालाच उत्तर देते आणि खरा मुद्दा बाजूला राहतो.

आपली बाजू कुठे कच्ची आहे हे न ओळखणं

दोन गाजलेली प्रकरणं शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत. २०२०मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' मालिकेतल्या काही हार्ड डिस्कमध्ये एसएमआर हे लिहिताना मंद पडणारं तंत्र वापरल्याचं उघड झालं. ग्राहकांना ते सांगितलेलंच नव्हतं. ओरड झाली, कंपनीला कोणत्या डिस्कमध्ये काय आहे याची यादी जाहीर करावी लागली आणि अमेरिकेत प्रकरण कोर्टात गेलं. २०२२मध्ये ॲपलच्या एम२ मॅकबुक एअरचं २५६ जीबीचं मॉडेल आधीच्या एम१ मॉडेलपेक्षा हळू निघालं, कारण दोनाऐवजी एकच साठवण चिप बसवली होती. लोक चिडले, ते रास्तच होतं. पण २५६ जीबीच्या मॉडेलसाठी वेगाचा ठरावीक आकडा कबूल केलेला नसेल, तर 'आधीच्यापेक्षा हळू' एवढ्यावर ड्राइव्ह बदलून मिळत नाही.

तुमच्या कागदावर फक्त '५१२ जीबी एसएसडी' असेल तर साटा एसएसडी देऊन कंपनीनं शब्द पाळलाय. 'सेकंदाला ३५०० एमबीपर्यंत' असं असेल तर ३१०० आले म्हणून फार हाती लागणार नाही, पण ५५० आले तर 'पर्यंत' हा शब्द कंपनीला वाचवू शकत नाही. आरपीएम, साटा की एनव्हीएमई, पिढी, लेन यांपैकी काही लेखी असेल तर ते घट्ट धरा.

वॉरंटीच्या खिडकीतच उभं राहणं

वॉरंटी बिघाडासाठी असते, आणि तुमच्या ड्राइव्हमध्ये बिघाड नाही. त्यामुळे 'वॉरंटीत बसत नाही' हे उत्तर त्यांच्या नियमात खरंही असू शकतं. तुमचा हक्क वेगळ्या कायद्यातून येतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूचा दर्जा किंवा प्रत खोटी सांगून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ईमेलमध्ये हे शब्द स्पष्ट वापरा, आणि विक्रेता व कंपनी दोघांनाही तो पाठवा. दोघांपैकी एकालाच धरलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

ऑनलाइन घेतलं असेल तर २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्या साइटला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्यानं ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. चॅटवरच्या प्रतिनिधीशी वाद घालण्यापेक्षा साइटच्या तळाशी त्या अधिकाऱ्याचा पत्ता शोधा. बदलून देण्याची मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून लॅपटॉप आला त्याच दिवशी मॉडेल क्रमांक तपासणं सगळ्यात स्वस्त पडतं.

फोनवर कितीही गोड आश्वासन मिळालं तरी ठेवल्यावर लगेच ईमेल करा: 'आज आपल्याशी बोलणं झालं, आपण अमुक सांगितलंत.' आणि ओटीपी सांभाळा. तक्रार बंद करण्यासाठी तो मागितला जातो. काम होण्याआधी दिलात तर त्यांच्या नोंदीत तुम्ही समाधानी ग्राहक होता.

त्याच नमुन्याची ड्राइव्ह बदलून घेणं

कंपनी 'ठीक आहे, ड्राइव्ह बदलून देतो' म्हणते तेव्हा माणूस सुटकेचा श्वास टाकतो आणि फसतो. सर्व्हिस सेंटरच्या सिस्टममध्ये तुमच्या मॉडेलसमोर जो पार्ट नोंदलेला असतो तोच मागवला जातो, म्हणजे पुन्हा तीच ५४०० आरपीएमची. वर त्यांच्या नोंदीत 'पार्ट बदलून दिला' असं लागतं. म्हणून येणाऱ्या ड्राइव्हचा मॉडेल क्रमांक आधी ईमेलवर मागा, त्याची डेटाशीट बघा आणि मगच मशीन द्या.

जुनी ड्राइव्ह बहुतेक वेळा कंपनी ठेवून घेते. बॅकअप घ्या, तो दुसऱ्या मशीनवर उघडतो का ते पाहा, बिटलॉकरची (विंडोजच्या ड्राइव्हला लागणाऱ्या कुलपाची) रिकव्हरी की लिहून ठेवा, मग ड्राइव्हवरचा डेटा पुसा. आणि तोवर मशीन स्वतः उघडू नका. कोपऱ्यावरच्या दुकानात नवी एसएसडी टाकून घेतली की मूळ ड्राइव्ह हीच होती हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो.

ईमेलला उत्तर येत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलता येतं. ती आदेश देत नाही, पण तिच्यामार्फत गेलेली तक्रार कंपनीत वरच्या टेबलावर पोचते. तिथेही हाललं नाही तर स्पीड पोस्टानं नोटीस, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीचं मुख्यालय बंगळूरु किंवा गुरुग्रामला असलं तरी. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीवर फी नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइनही दाखल होते. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. बिल फर्मच्या नावानं असेल तर 'हा ग्राहक नाही, व्यावसायिक खरेदी आहे' असा बचाव येतो. स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी स्वतः वापरत असाल तर कायदा तुम्हाला ग्राहक मानतो, ते तक्रारीतच लिहा.

ड्राइव्ह बदलून मिळाली की काउंटर सोडू नका. मशीन तिथेच सुरू करा, क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा, मॉडेल क्रमांक ईमेलमधल्या क्रमांकाशी ताडून पाहा, ट्रान्सफर मोडची ओळ वाचा. नव्या ड्राइव्हचा सिरियल नंबर जॉब शीटवर लिहून घ्या. हे सगळं जुळलं, की ओटीपी सांगा.